टाके घातलेले हृदय

हार्बर मार्गावरच्या गोवंडी स्टेशनात उतरले की देवनारचा कत्तलखाना तेथून दूर नाही. मुंबई महानगरपालिकेने तो १९७१ साली सुरू केला. मुंबईच्या दुकानांत टांगलेले पुष्कळसे बोकड येथूनच आलेले असतात. आजच्या पाठासाठी आपल्याला त्यातलीच एक वस्तू हवी आहे : बोकडाचे अख्खे हृदय. खाटकाकडे जाऊन 'काळीज' मागू नका. तो तुम्हाला कलेजी, म्हणजे यकृत देईल. कवितेतले काळीज छातीत धडधडते, खाटकाकडचे पोटात असते, हा आपल्या भाषेचा एक गमतीदार घोळ आहे! "दिल द्या, पण चिरू नका आणि वरच्या नळ्याही राहू द्या," असे सांगा. ज्यांच्या घरी मांस चालत नाही त्यांनी विज्ञानाच्या पुस्तकातील हृदयाची आकृती समोर उघडून ठेवावी. तेवढ्यानेही काम भागेल, कारण बोकडाच्या आणि माणसाच्या हृदयाची रचना जवळजवळ सारखीच असते.

हृदय स्वच्छ धुऊन हातात घ्या आणि बोटाने दाबून पाहा. एक बाजू मऊ लागेल, दुसरी टणक. आता घरातील मोठ्या माणसाकडून ते उभे चिरून घ्या. आत चार कप्पे दिसतील. वरचे दोन लहान व पातळ भिंतींचे, त्यांना कर्णिका म्हणतात. खालचे दोन मोठे, त्या जवनिका. (तुमच्या पुस्तकात कदाचित अलिंद आणि निलय हे शब्द असतील. वस्तू एकच.) डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा सुमारे तिप्पट जाड दिसेल. असे का बरे? उजव्या जवनिकेला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचे असते. माणसात तिचा दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरांच्या आसपास असतो. डावीला तेच रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचे असते, म्हणून तिचा दाब १२० च्या आसपास. डॉक्टर आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून जो आकडा सांगतात तो या डाव्या बाजूचा. हे दोन आकडे, २५ आणि १२०, लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

आता दोन कर्णिकांमधला पडदा शोधा आणि उजेडासमोर धरा. त्यात एक ठिकाण बाकीच्यापेक्षा पातळ असते, खोलगट टिकलीसारखे. आईच्या पोटात असताना येथे चक्क भोक होते! त्या दिवसांत फुप्फुसे श्वास घेत नाहीत, प्राणवायू आईच्या रक्तातून मिळतो. मग सगळे रक्त फुप्फुसांकडे पाठवून काय करायचे? म्हणून ते या भोकातून परस्पर डावीकडे जाते. बाळ जन्मते, पहिला टाहो फोडते, फुप्फुसे फुलतात, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि भोकावरची झडप दारासारखी मिटते. तुमची मिटली, माझी मिटली, त्या बोकडाचीही मिटली.

पण प्रत्येक वेळी सारे ठरल्याप्रमाणे घडत नाही. दर हजार जन्मांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष राहून जातो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बाळे जन्मतात असा अंदाज आहे. कोणाच्या कर्णिकांमधल्या पडद्याला भोक असते, कोणाच्या जवनिकांमधल्या. कोणाची झडप अरुंद असते, तर कोणाच्या नळ्यांची अदलाबदल झालेली असते. यात आईने ग्रहणात भाजी चिरली किंवा अमुक खाल्ले याचा काडीमात्र संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत एका सरळ नळीचे वळून, दुमडून चार कप्प्यांचे हृदय बनते. इतक्या नाजूक कामात कधीकधी चूक होते, एवढेच.

शाळेत तपासणीला येणारे डॉक्टर छातीला नळी लावतात तेव्हा ते अशा चुकीचा आवाज ऐकत असतात. घरी नगरपालिकेचे पाणी आले की नळाच्या तोंडावर अंगठा दाबून पाहा. फट जितकी लहान तितका सूंऽऽ असा आवाज मोठा. अंगठा काढला की पाणी गुपचूप वाहते. हृदयातही असेच होते. जवनिकांमधले लहान भोक मोठा आवाज करते, आणि फार मोठे भोक कित्येकदा पुष्कळ शांत असते. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असे नव्हे.

निळी बाळे आणि तीन माणसे

मार्सेय शहरातील डॉक्टर फॅलो यांनी १८८८ साली एका विशिष्ट विकाराचे नेमके वर्णन केले. त्यात चार गोष्टी एकत्र असतात : जवनिकांमध्ये भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावर स्वार झालेली आणि उजवी जवनिका जाड झालेली. फुप्फुसाकडची वाट अरुंद, म्हणून प्राणवायू न मिळालेले रक्त भोकातून महाधमनीत शिरते आणि सगळ्या अंगात फिरते. ओठ, नखे, जीभ निळसर पडतात. मूल चार पावले चालले की उकिडवे बसते. त्याला हे कोणी शिवलेले नसते. तसे बसल्याने पायांच्या धमन्या दबतात, शरीराच्या बाजूचा दाब वाढतो आणि थोडे अधिक रक्त फुप्फुसाकडे वळते.

या मुलांना मरू देण्यावाचून १९४४ पर्यंत इलाज नव्हता. त्या वर्षी २९ नोव्हेंबर रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी एक धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडली गेली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग या बाईंची, हात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे, आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कोठे व कसा घालायचा ते सांगणारे व्हिव्हियन थॉमस. थॉमस डॉक्टर नव्हते. सुतारकाम करणारा कृष्णवर्णीय तरुण प्रयोगशाळेत नोकरीला लागला होता आणि कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया त्यानेच बसवली होती. कित्येक वर्षे या शस्त्रक्रियेला पहिल्या दोघांचीच नावे होती. आता अनेक जण तिसरेही जोडतात, आणि ते योग्यच आहे.

पुढे दहा वर्षांत हृदय उघडून आतले भोक शिवणे शक्य झाले. १९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुस यांचे काम तात्पुरते करणारे यंत्र वापरून कर्णिकांमधले भोक बंद केले. १९५४ साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी तर यंत्राऐवजी माणूसच वापरला! मुलाच्या शरीराच्या नळ्या आईच्या किंवा बापाच्या शरीराशी जोडायच्या आणि मोठ्या हृदयाने दोघांचे रक्त फिरवायचे. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी २८ मुले घरी गेली. त्याआधी जवळजवळ सगळीच दगावत, हे ध्यानात घ्या. लिलेहाय यांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. घरी गेलेल्या या मुलांचे पुढे काय झाले, याचा माग त्यांनी तीस वर्षे ठेवला.

तो माग का ठेवायचा? शस्त्रक्रिया झाली, मूल गुलाबी झाले, शाळेत गेले, धावू लागले. मग संपले की! आईबापांना असेच वाटते, आणि पुष्कळ वर्षे डॉक्टरांनाही असेच वाटत होते. 'बरे झाले' हा शब्द आपण येथे फार लवकर वापरतो. ज्या देशांत या शस्त्रक्रिया सर्रास होतात तेथे अशा शंभर मुलांपैकी नव्वदांहून अधिक मोठी होतात. तेथे आता असे हृदय घेऊन जगणारी प्रौढ माणसे मुलांपेक्षा संख्येने जास्त आहेत. ही पिढी पूर्वी कधी नव्हतीच, कारण अशी मुले मोठी होतच नव्हती. तेव्हा त्यांना तिशीत आणि चाळिशीत काय होते, हे डॉक्टरांना त्यांच्याकडूनच शिकावे लागले.

गळक्या झडपेचे गणित

समजा, गोवंडीच्या शिवाजीनगरातला एक मुलगा आहे. त्याला फॅलोने वर्णिलेला विकार होता आणि तो तीन वर्षांचा असताना शस्त्रक्रिया झाली. भोकावर ठिगळ लावले, फुप्फुसाकडची अरुंद वाट चिरून रुंद केली. पण वाट रुंद करताना तेथली लहानशी झडप पुष्कळदा निकामी होते. रक्त पुढे जाते आणि थोडे मागे परत येते. मुलगा आता बावीस वर्षांचा आहे, कारखान्यात कामाला जातो, त्याला काही होत नाही. हृदय मात्र हिशेब मांडून बसले आहे. तो आपणही मांडू.

हृदय मिनिटाला ७२ ठोके टाकते असे धरा. तासाला ४,३२०. दिवसाला १,०३,६८०. वर्षाला ३ कोटी ७८ लाखांहून अधिक. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे जायला हवे. आता झडपेतून ४० टक्के रक्त परत येते असे समजा. म्हणजे जे फेकले त्यातले ६० टक्केच पुढे पोचले. मग ७० मिलिलिटर पोचण्यासाठी किती फेकावे लागेल? ७० भागिले ०.६, म्हणजे जवळजवळ ११७. दर ठोक्याला ४७ मिलिलिटरांची हमाली फुकट! हा भार उजव्या जवनिकेवर पडतो. तुम्ही आत्ताच पाहिलेत की ती पातळ भिंतीची आहे. ती तक्रार करीत नाही. ती ताणते, मोठी होते आणि अधिक रक्त सामावून घेते. वीस वर्षे, पंचवीस वर्षे हे चालते. माणसाला धाप लागू लागते तोवर पुष्कळदा ती इतकी ताणलेली असते की पुन्हा आकसत नाही. पायजम्याची नाडी आठवा. रबरी नाडी एकदा सैल पडली की पडली.

मग सगळ्यांना लहानपणीच नवी झडप का बसवीत नाहीत? कारण प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली झडप काही वर्षांत झिजते, आणि मुलाचे हृदय वाढत असते, झडप वाढत नाही. फार लवकर बसवली तर आयुष्यात अनेकदा बदलावी लागेल, फार उशिरा बसवली तर उपयोग राहणार नाही. नेमकी वेळ गाठायची असते. ती वेळ रुग्णाला आतून कळत नाही. ती हृदयाच्या सोनोग्राफीत आणि एमआरआय तपासणीत जवनिकेचे आकारमान मोजून कळते. म्हणून ठणठणीत वाटत असतानाच जायचे असते. या सगळ्या लेखातील एकच वाक्य ध्यानात ठेवायचे झाले, तर मी हे निवडीन.

झडप बदलण्याची रीतही आता बदलली आहे. २००० साली पॅरिसमध्ये प्रथमच छाती न उघडता अशी झडप बसवण्यात आली. गुरांच्या मानेतील शिरेत नैसर्गिक झडपा असतात. जनावर चरायला मान खाली घालते तेव्हा रक्त डोक्याकडे उलटे धावू नये यासाठी त्या कामी येतात. अशा शिरेचा तुकडा तारेच्या जाळीत शिवून, दुमडून, मांडीतील शिरेतून नळीने हृदयापर्यंत नेतात आणि तेथे फुग्याने उघडतात. सगळ्यांना ही रीत लागू पडत नाही. पण ज्यांना पडते त्यांची एक मोठी शस्त्रक्रिया वाचते.

रिंगण

दुसरी अडचण विजेची आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका हा एका विद्युत्-लहरीने सुरू होतो. उजव्या कर्णिकेच्या वरच्या टोकापासून निघून ही लहर ठरावीक वाटेने खाली उतरते. पण ठिगळ आणि जुन्या टाक्यांचा व्रण यांतून वीज जात नाही. लहर त्या व्रणाला वळसा घालते. एखाद्या वेळी ती वळसा पुरा करून जेथून निघाली तेथेच पोचते आणि पुन्हा फिरू लागते. वारीतल्या रिंगणात घोडा गोल गोल धावतो तशी. प्रत्येक फेरीला एक ठोका! मग हृदय मिनिटाला दीडशे, दोनशे वेळा फडफडते. कप्पे भरायलाच वेळ मिळत नाही, रक्त पुढे जात नाही. माणसाला छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तो कोसळतो. कधी तेवढ्यात मृत्यूही येतो.

याची चाहूल हृदयाच्या विद्युत् आलेखात मिळते. आलेखाच्या कागदावरचा लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. निरोगी हृदयात जवनिकांची उंच रेघ दोन-अडीच चौकोनांत संपते. फॅलोच्या विकारावर शस्त्रक्रिया झालेल्यांत ती साडेचार चौकोन, म्हणजे ०.१८ सेकंदांइतकी किंवा त्याहून रुंद झाली, तर अशा रिंगणाचा धोका बराच वाढतो, असे १९९५ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. जवनिका ताणली की विजेची वाट लांबते आणि रेघ रुंदावते. गळकी झडप आणि रिंगण ही अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. उपाय आहेत. नळी आत नेऊन रिंगणाच्या वाटेवरचा थोडासा भाग जाळून टाकता येतो, म्हणजे वर्तुळ तुटते. ज्यांना धोका फार आहे त्यांच्या छातीत कातडीखाली एक लहान यंत्र बसवतात. ते पहारा करते आणि गरज पडताच विजेचा झटका देऊन ठोका ताळ्यावर आणते.

कर्णिकांमधल्या भोकाचे वागणे आणखी लबाडीचे. ते तिशी-चाळिशीपर्यंत अनेकदा कळतच नाही. बाई दोन मजले चढली की दमते, सगळे म्हणतात अशक्तपणा आहे. मग एखाद्या बाळंतपणात तपासणी होते आणि भोक सापडते. तोवर उजवी बाजू फुगलेली असते. कर्णिका नीट आकसण्याऐवजी नुसत्या थरथरू लागल्या, तर त्यांत रक्त साकळते. ती गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. वेळीच सापडलेले योग्य आकाराचे भोक आज दोन चकत्यांच्या छत्रीने, छाती न चिरता, बंद करता येते.

उशीर झाला म्हणजे काय?

मुंबईच्या उपनगरांतच एक प्रसिद्ध उदाहरण घडून गेले. अभिनेत्री मधुबाला हिचा जन्म १९३३ साली दिल्लीत झाला. लहानपणीच ती मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये काम करू लागली. तिच्या हृदयातील दोन जवनिकांमध्ये जन्मापासून भोक होते. तरुणपणी चित्रीकरण चालू असताना तिला खोकल्यातून रक्त पडले, तेव्हा दुखण्याचे गांभीर्य कळले. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत 'मुगल-ए-आझम'चे काम चालू होते तेव्हा ती हा आजार घेऊनच काम करीत होती. १९६० मध्ये चित्रपट झळकला. उपचारांसाठी तिला लंडनला नेले, पण शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नाही असे सांगण्यात आले. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, ती मुंबईत वारली.

असे भोक शिवायची शस्त्रक्रिया तर १९५४ मध्येच झाली होती. मग १९६० मध्ये 'उपयोग नाही' असे का? आता आपले दोन आकडे आठवा. डावीकडे १२०, उजवीकडे २५. जवनिकांमध्ये मोठे भोक असले की रक्त डावीकडून उजवीकडे लोटते आणि फुप्फुसांत पुराच्या पाण्यासारखे शिरते. फुप्फुसांतल्या बारीक धमन्या या माऱ्याला तोंड देण्यासाठी आपल्या भिंती जाड करीत जातात. आतली पोकळी अरुंद होते, दाब वाढतो. २५ चे ५०, ८०, ११०. एक दिवस उजवा दाब डाव्याइतका, मग त्याहूनही जास्त होतो आणि प्रवाह उलटतो. आता अशुद्ध रक्त भोकातून डावीकडे जाऊ लागते. जन्मल्यावर गुलाबी असलेले माणूस विशी-पंचविशीत निळे पडते, बोटांची टोके ढोलाच्या काठीसारखी फुगतात. प्राणवायू कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवते आणि रक्त दाट होते. खोकल्यातून रक्त पडू शकते. व्हिएन्नाचे डॉ. आयझेनमेंगर यांनी १८९७ साली अशा एका रुग्णाचे वर्णन केले, म्हणून या अवस्थेला त्यांचे नाव आहे. मधुबालेच्या आजाराची वर्णने या चित्राशी बरीच जुळतात.

अशा वेळी भोक बंद केले तर काय होईल? उजव्या जवनिकेला अरुंद झालेल्या फुप्फुसांविरुद्ध एकटीने लढावे लागेल, आणि ती थकून बंद पडेल. जे भोक दहाव्या महिन्यात शत्रू होते तेच आता कुकरच्या शिटीसारखे दाब सोडणारे तोंड झाले आहे. म्हणून उशीर म्हणजे खरोखरच उशीर. आज फुप्फुसांतला दाब कमी करणारी गोळ्या-औषधे आहेत, त्यांनी दम आणि आयुष्य दोन्ही वाढू शकते. अशा बाईला गरोदरपण मात्र जिवावरचे ठरते. गोवंडी-मानखुर्दसारख्या भागात, जेथे क्षयरोग पुष्कळ आहे, खोकल्यातून रक्त पडले की प्रथम क्षयाची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि नखे निळी असली, तर छातीची नळी हृदयावरही ठेवली पाहिजे.

काही मुलांना जन्मतः एकच कामाची जवनिका असते. फ्रान्समधील फाँतां यांनी १९६८ मध्ये त्यांच्यासाठी एक धाडसी मार्ग काढला : असलेला एकमेव पंप शरीराला द्यायचा आणि शिरांतले रक्त पंपाविनाच फुप्फुसांत जाऊ द्यायचे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मोटारीशिवाय खालच्या मजल्यावर येते ना, तसे. पण टाकी उंच असावी लागते. म्हणजेच येथे शिरांतला दाब कायम वाढलेला राहतो. तो मागे यकृतावर पडतो, आणि वर्षांनुवर्षे दाबाखाली राहून यकृत कठीण होऊ लागते. म्हणून अशा तरुणाच्या हृदयाबरोबर यकृताचीही तपासणी करतात. खाटकाने चुकून दिलेली ती कलेजी अशी आपल्या पाठात परत आली!

आणि दात. हृदयाच्या पाठात दात कशाला, असे वाटेल. किडलेल्या दातांतून व सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात शिरतात. निरोगी हृदयाच्या गुळगुळीत अस्तराला ते चिकटत नाहीत. पण कृत्रिम झडप, ठिगळ, किंवा भोकातून जोराने आदळणाऱ्या प्रवाहाने खरवडलेली जागा मिळाली की तेथे ते घर करतात. बारीक ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही. अशा माणसाने दोनदा दात घासावेत, गुटखा-मिश्रीपासून दूर राहावे आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला हृदयाची हकीकत सांगावी. काहींना आधी प्रतिजैविक घ्यावे लागते. आणि लांबलेल्या तापावर रक्ताची तपासणी होण्याआधीच दुकानातून गोळ्या आणून खाऊ नयेत. जंतू अर्धवट दबतात आणि तपासणीत सापडत नाहीत.

अठराव्या वर्षी हरवणारी मुले

२०१३ पासून देशात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी होते आणि हृदयदोष सापडला तर उपचारांची सोय होते. हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. लहान मुलांचे डॉक्टरही साधारण त्याच वयापर्यंत पाहतात. परळमध्ये मुलांचे वाडिया रुग्णालय आणि महापालिकेचे केईएम शेजारी शेजारी आहेत. याच केईएममध्ये १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. पण मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाणारा रस्ता नकाशावर दिसतो त्यापेक्षा लांब असतो. जगात सगळीकडेच याच वयात पुष्कळ रुग्ण तपासणीला येणे थांबवतात. त्यांना काही होत नसते, नवी नोकरी असते, आणि एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी जाते. गोवंडीहून कुर्ल्याला गाडी बदलून परळ, किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, आणि मग रांग. वर्षातून एकदाच जायचे असते, पण तो एक दिवस काढणे सोपे नाही, हे ज्याच्या घरी रोजंदारी आहे त्याला सांगायला नको.

मुलीच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. लग्न ठरताना छातीवरचा व्रण लपवतात, जुने कागद ट्रंकेच्या तळाशी जातात किंवा फाडून टाकतात. मग ती गरोदर राहते तेव्हा दवाखान्यातील डॉक्टरांना काहीच ठाऊक नसते. खरे म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ मुली सुखरूप बाळंत होतात, फक्त आधी तपासणी आणि योग्य रुग्णालय लागते. सांगण्यापेक्षा लपवणेच येथे धोक्याचे ठरते.

पावसाळ्यात बैठ्या घरांत पाणी शिरते आणि कागद भिजतात. म्हणून ज्याच्या छातीवर असा उभा व्रण आहे, मग तो तुमचा दादा असो, शेजारची ताई असो किंवा तुम्ही स्वतः, त्याच्या कागदांची छायाचित्रे मोबाइलमध्ये काढून ठेवा. कोणते कागद? विकाराचे नाव, शस्त्रक्रियेचे नाव आणि वर्ष, रुग्णालयातून सोडतानाचे पत्र, शेवटचा विद्युत् आलेख आणि शेवटची हृदयाची सोनोग्राफी. 'दिलाचे ऑपरेशन झाले होते' एवढ्यावर डॉक्टरांना फारसे काही करता येत नाही. खर्चाची भीती असेल तर राज्याच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती, २०१७ पासून तिला हे नाव आहे. आणि हो, व्रण असलेल्या मुलाला सरसकट खेळातून बाहेर बसवू नका. बहुतेकांना व्यायाम चांगला असतो. किती आणि कोणता, ते डॉक्टर ठरवतील. अचानक धडधड, चक्कर येऊन पडणे, पाय सुजणे, उताणे झोपल्यावर दम लागणे, यांपैकी काही झाले तर मात्र पुढच्या वर्षीच्या तारखेची वाट पाहायची नाही.

घरी करण्यासाठी : मनगटावर बोटे ठेवून स्वस्थ बसलेले असताना एका मिनिटातले ठोके मोजा. मग समजा, एखाद्याची झडप २५ टक्के गळते आहे आणि त्याचे ठोके तुमच्याइतकेच आहेत. दर ठोक्याला ७० मिलिलिटर पुढे पोचवण्यासाठी त्याच्या जवनिकेला किती रक्त फेकावे लागेल, आणि दिवसभरात एकूण किती लिटर रक्त फुकट मागेपुढे होईल? पहिल्याचे उत्तर सुमारे ९३ मिलिलिटर आहे. दुसऱ्याचे तुमच्या नाडीवर अवलंबून आहे.